जिना धुण्यात येईल

ओडनीने फलकावरचा कागद टर्रकन ओढून काढला आणि शेजारच्या हालग्रिमच्या दारावर थाप मारली.

"'या शनिवारी जिना धुण्यात येईल.' कोण धुणार?"

"धुण्यात येईल," हालग्रिम म्हणाला.

"ठरवलं कुणी?"

"ठरवण्यात आलं."

घ्या! जन्मभर नगरपालिकेत सूचना लिहिल्या, आता इमारतीचा अध्यक्ष. कोण करणार, ते याच्या तोंडून कधी निघायचं नाही. याचं लग्नसुद्धा 'लावण्यात आलं' असणार, असं सगळी इमारत म्हणायची.

ओडनीला मात्र हसू येत नव्हतं. आमच्या बर्गनमध्ये जिना पाळीपाळीने धुतात. ज्याची पाळी, त्याच्या दाराच्या मुठीला लाकडी पाटी लटकते. या आठवड्यात पाळी ओडनीची होती आणि मुठीवरची पाटी गायब होती. मागच्या पाळीला ती बादलीसकट घसरली होती. हाड वाचलं, पण ओस्लोच्या लेकीने, सुन्निवाने, फोनवर ऐकवलं होतं, "आई, जिना होत नसेल तर घर विकू या. वृद्धाश्रमात बरी राहशील."

"शनिवारी सुन्निवा येतेय बघायला," ओडनीचा आवाज चिरकला. "पाटी दिसली नाही की माझं सामान बांधलंच म्हणून समज. मला मोडीत काढतोयस तू, हालग्रिम!"

हालग्रिमने कान खाजवला.

"नोंद घेण्यात आली आहे," म्हणाला मेला, आणि दार लावून घेतलं.

शनिवारी सकाळी बाहेर खसाखसा आवाज आला. ओडनीने दार किलकिलं केलं. सत्तरीचा हालग्रिम गुडघे टेकून पायऱ्या घासत होता. विजार भिजून चिंब झाली होती. शेवटची पायरी पुसून तो कण्हत उठला, खिशातून पाटी काढली आणि तिच्याच दाराच्या मुठीला अडकवली. दाराआड ओडनीने तोंडावर हात दाबून धरला.

दुपारी सुन्निवा आली. लखलखत्या जिन्याकडे बघत राहिली, मग पाटीकडे.

"आई! हे सगळं कुणी केलं?"

खाली टपालपेट्यांपाशी हालग्रिम उगाच किल्ल्या शोधत होता. ओडनीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, पदरचं खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"धुण्यात आला," ती म्हणाली. "ये आत, कॉफी ठेवते."