बारा वाजेपर्यंत

यशोधनच्या छातीतलं कृत्रिम हृदय आज दुपारी बारा वाजता थांबणार होतं. त्यातली जुनी प्रणाली कंपनीने बंद करायचं ठरवलं होतं. तसं हृदय असलेले शहरात, अगदी त्यांच्या वस्तीतही, बरेच जण होते, आणि नवं बसवून घ्यायला आठ महिन्यांची रांग होती.

त्याची थोरली बहीण मुग्धा सकाळीच लॅपटॉप घेऊन आली. जगभरच्या स्वयंसेवकांनी लिहिलेली मुक्त प्रणाली ती त्याच्या हृदयात बसवणार होती. त्यासाठी हृदय चाळीस सेकंद बंद ठेवावं लागणार होतं.

"फुकटच्या सॉफ्टवेअरवर जीव सोपवू नये, असं मीच म्हणायचो," यशोधन कसंनुसं हसला. "ताई, काही चुकलं तर जबाबदार कोण?"

"मी," मुग्धा म्हणाली. या विषयावर ती वर्षानुवर्षं तावातावाने भांडली होती. आज मात्र तिने सगळी जोडणी पुन्हा दोनदा तपासली.

तिने बटण दाबलं. यशोधनची मान कलली. त्याची बायको केतकी मोठ्याने सेकंद मोजू लागली. चाळीस झाले, पंचेचाळीस झाले. त्याचे ओठ निळे पडले. एकावन्नाव्या सेकंदाला ठोका पडला आणि त्याने खोल श्वास घेतला.

केतकी रडतच बाहेर धावली आणि शेजाऱ्यांना ओरडून सांगू लागली, "वाचले हो! ताईंनी वाचवलं!"

थोड्या वेळाने मुग्धाने दार उघडलं. जिन्यावर तळमजल्यापर्यंत माणसं उभी होती. प्रत्येकाचा हात छातीवर होता, आणि बारा वाजायला वीस मिनिटं उरली होती.