पांढरी बट

नामांतराच्या बंदमुळं त्या दिवशी एकही एसटी सुटली नाही. बिरू बायकोला फर्दापूरला, तिच्या माहेरी कायमची सोडायला निघाला होता. बानाबाईच्या कुशीत महिन्याची मुलगी होती. मुलीच्या कपाळावर पांढरीशुभ्र बट. चिकलठाण्याच्या कंपनीत सोबतचे लोक हसले, तेव्हापासून ही पोरगी आपली नाही असं बिरूनं धरलं होतं.

स्टँडवरून घरी परतायचा रस्ताही पोलिसांनी अडवलेला. सोबत आलेल्या बिरूच्या आईनं, पुतळाबाईनं, दोघांना उस्मानपुऱ्यात बद्रीनाथ सरांकडं नेलं. तिथं ती धुणंभांडी करायची. सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत.

सरांनी पोरीला पाहिलं, सगळं ऐकून घेतलं आणि बिरूला टेबलाशी बोलावलं. कॉलेज बंद म्हणून उबवणीची अंडी त्यांनी घरी आणली होती. एकाच्या कवचाला खिडकी पाडलेली. आत तीन दिवसांचा जीव, लाल ठिपका धडधडत होता. भिंगातून त्यांनी त्याची पाठ दाखवली. पाठीच्या या कडेतून पेशी निघतात, अंगभर चालत जातात. काहींची चेहऱ्याची हाडं होतात, काही कातडीत, केसांत रंग भरतात. मासा, कोंबडी, मेंढी, माणूस, कणा असलेल्या सगळ्यांत कोट्यवधी वर्षं हेच चाललंय. रंगाच्या पेशी कपाळापर्यंत पोचल्या नाहीत, तर तिथं केस पांढरे उगवतात.

गावाकडं घरच्या मेंढ्यांत असं बिरूनं कितीदा पाहिलं होतं. त्याचा आवाज खाली आला. "मंग हिलाच का?"

"पेशींनी कुठं जायचं ते आईबापाकडून आलेली जनुकं ठरवतात. बहुतेकदा घरात आधी कुणाला तरी असतं. मधल्या एखाद्याच्या अंगावर दिसतही नाही."

बिरूकडं कुणालाच नव्हतं. बानाबाईकडंही नव्हतं. ती खाली मान घालून बसली.

पुतळाबाई मोरीत गेली. पदर भिजवून तिनं कपाळावरचे केस खसाखसा पुसले. पदर काळा झाला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या काळ्या केसांत बोटभर रुंद पांढरी बट होती.

"लग्नात आईनं काजळी लावून दिली," ती बिरूला म्हणाली. "तवापासून रोज लावते. तुझ्या बापालाबी कळू दिलं नाय." मग सुनेकडं वळली. "महिनाभर गप बसले, बाना. लई भ्याले गं."

बानाबाईनं पोरगी बिरूच्या हातांत दिली, आणि सासूचं ओलं कपाळ ती स्वतःच्या पदरानं टिपू लागली.