सोबत कोण?

"मावशी व्हय माही, यवतमाळची," शामसुंदर म्हणाला आणि पंजाबरावकडे न पाहता तळ्याच्या पाळीवरून पुढे निघाला.

पंजाबराव त्याच्याच फाउंड्रीतला. तो सायकलवरून उतरून हातात हँडल धरून उभा होता. "सोमवारी तं आत्या म्हनलं होतं तुनं," तो म्हणाला. मग सोबतच्या बाईंना हात जोडून, "मावशी म्हना का आत्या, याले जरा हसाले शिकवा. फाउंड्रीत आता कोनी शिव्या द्यालेबी उरलं नाही."

बाईंनी मान डोलावली. त्या मावशी नव्हत्या आणि आत्याही नव्हत्या. डॉक्टर वसुंधरा देशकर, सुपेला गावातल्या लोकांच्या भाषेत डोक्याची डॉक्टर. वय पन्नाशीपुढे, साडीखाली कॅन्व्हासचे बूट. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळं सांगून टाकलं होतं. सोमवारी आणि गुरुवारी, संध्याकाळी साडेचारला, पंचेचाळीस मिनिटं चालायचं. वाट तुम्ही निवडायची. बोलायचं की नाही, तुमची मर्जी. पाऊस भुरभुरला तर छत्री, वीज कडाडली तर सुट्टी. "आणि गाव लहान आहे. ओळखीचं कोणी भेटणारच. मी कोण, ते तुम्हीच सांगायचं. मी मान डोलावीन."

दवाखान्याच्या खोलीत त्याला बसताच येत नव्हतं. छतातल्या आकड्याला पंखा टांगलेला असे आणि त्याची नजर त्या आकड्यावरून हलत नसे. आठ महिने तो छताखाली झोपला नव्हता. थंडीतही त्याची खाट अंगणातच होती. बायको तारा दोन्ही मुलींना घेऊन वर्ध्याला माहेरी गेली होती. आधी पंधरा दिवसांसाठी गेली होती.

तो क्रेन चालवायचा. खाली कवडू उभा राहून हाताने खुणा करायचा. त्या गोंगाटात शब्द वर पोचत नसत. अंगठा खाली म्हणजे उतरव, मूठ मिटली म्हणजे थांब. अकरा वर्षं दोघांचं काम असंच चाललं. त्या दिवशी ओझं पेलणारा पोलादी वायर रोप तुटू लागला. शामसुंदर वरून पायाखालची घंटा दाबत राहिला. कवडूची पाठ होती. ओझं त्याच्यावरच आलं.

चौकशीच्या कागदावर लिहून आलं, चालकाची चूक नाही. त्याने तो कागद वाचला, घडी घालून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी क्रेनच्या शिडीच्या नवव्या पायरीवरून खाली उतरला. परत चढला नाही.

सात आठवड्यांत पाळीवर त्याने डॉक्टरांना पुष्कळ सांगितलं. वडिलांचं शेत सांगितलं, पाणबुडी पक्ष्यांचं जोडपं दाखवलं, वायर रोपात सहा पेड असतात आणि दर पेडात सदतीस तारा, हेही सांगितलं. कवडूचं नाव मात्र एकदाही घेतलं नाही. डॉक्टरांनीही ते ओढून काढलं नाही. वाट तळ्याला पूर्ण वळसा घालत होती, पण तो दर वेळी रोपवाटिकेच्या काटेरी तारेच्या बरंच अलीकडून परत फिरायचा. हे डॉक्टरांच्या तिसऱ्याच दिवशी लक्षात आलं होतं. त्यामागचं कारण त्यांना माहीत नव्हतं. रोपवाटिकेत कवडूची बायको मथुरा रोजीवर काम करत होती.

पंजाबराव भेटला त्याच गुरुवारी मथुरा कुंपणाच्या बाहेर, बरीच अलीकडे होती. बेशरमाच्या झुडपांआड वाकून ती तळ्यातून झारी भरत होती. शामसुंदरला ती दिसली तेव्हा मध्ये आठ पावलं उरली होती. आता मागे फिरणं तिला दिसलं असतं.

ती सरळ उभी राहिली. "शामभाऊ," ती म्हणाली. "लई उतरले तुम्ही." मग तिने बाईंकडे पाहिलं. "संगं कोण व्हय?"

मावशी हा शब्द त्याच्या जिभेवर आला. डॉक्टर पाण्याकडे पाहत होत्या. तो जे म्हणेल त्याला मान डोलावणार होत्या.

"डॉक्टर व्हय," शामसुंदर म्हणाला. "डोक्याची. मले झोप लागत नाही वहिनी. यायच्या संगं चालतो अन् बोलतो."

"कायचं बोलता?"

आता ती विचारील, असं त्याला वाटलं. तुम्ही वर होते, तुमाले सगळं दिसत होतं, मग कावून नाही थांबवलं? आठ महिने तो याच प्रश्नाला वळसा घालत चालला होता. मथुराने झारी खाली ठेवली.

"त्यायचंच बोलत असान," ती म्हणाली. "मह्यासमोर तं कोणी बोलतच नाही. नळावर बाया असल्या अन् मी गेली का गोष्ट बदलवतात. तुमच्या फाउंड्रीतलं एक माणूस घरी आलं नाही. पोरी बी बाबा म्हणत नाहीत, मी रडीन म्हणून. आठ महिने झाले शामभाऊ, त्यायचं नाव नाही आयकलं मी कोणाच्या तोंडून."

शामसुंदर तिला जायला वाट देत बाजूला सरकला.

"चाला तुम्ही," तिने झारी उचलली. "मी मागं मागं येते. मधात नाही बोलणार. निसती आयकते."

डॉक्टर चालू लागल्या. शामसुंदरही निघाला. कुंपण मागे पडलं, तळ्याची पलीकडची बाजू सुरू झाली. झारीतलं पाणी मागे हिंदकळत होतं.

मग मागपर्यंत पोचेल अशा आवाजात तो म्हणाला, "कवडू खालून शिव्या द्यायचा मले. आयकू नाही यायच्या, पण तोंडावरून समजायच्या."