सुयांचा चुंबक

अकोल्याच्या डॉक्टरांनी गुणवंत टेलरच्या छातीत यंत्र बसवलं, तेव्हा थकलेल्या हृदयाच्या दोन्ही बाजू एका तालात धडधडू लागल्या. पंधरवड्यानं तो अकोटच्या दुकानात ठिगळं लावायला बसला. कापूस बुडालेल्या वर्षी नवं शिवून घेणार कोण? तासाभरात घेरी येऊन कलंडला. सर्वज्ञ धाकटा भाऊ तयारच होता. "म्या म्हनलं होतं ना वयनी, खोटं यंत्र हाय. उद्याच काढून टाकू." गुणवंतानंही मान डोलावली. पंचफुलानं नवऱ्याचा घामेजलेला सदरा उतरवला, तर खिसा कैचीला चिकटला. आत सुया गोळा करायचा चुंबक होता. डॉक्टरांनी चुंबक यंत्राजवळ नेऊ नका म्हटलं, तेव्हा हे टेलर महाशय स्वतःच्या छातीवरच्या टाक्यांना नावं ठेवत होते. सदरा दूर जाताच घेरी ओसरली. तिनं चुंबक दिराच्या वरच्या खिशात टाकला. "तुमीच वागवा, भाऊजी. तुमच्या छातीत बिघडाले काईच नाई."