चोवीस उंदरांचं वजन

टर्रर्र करून टायमर वाजला आणि जेवणाच्या टेबलावरची शांतता मोडली. उत्तराची चार मिनिटं संपली होती. दियानं एक शब्दही उच्चारला नव्हता.

अलकानं हातातलं पत्र पुन्हा पाहिलं. मेडिकल स्कूलचं होतं. मंगळवारी इंटरव्ह्यू, आणि तयारीसाठी नमुन्याचे दोन प्रश्न. त्यातला पहिलाच हा: तुम्ही कुणाची काळजी घेतली असेल, तर त्याबद्दल सांगा.

"अगं, आजीबद्दल बोल ना. तीन वर्षं भरवलंस तिला."

"ती माझ्या स्टेटमेंटमध्ये नाहीये, आई. तू काढलं तिला."

खरंच होतं ते. फॉर्ममध्ये स्वतःबद्दल लिहायला सत्तेचाळीस ओळी मिळतात, एक जास्त नाही. ऑक्टोबरात दोघी कॉम्प्युटरसमोर बसल्या, तेव्हा आजीला जाऊन महिनाही झाला नव्हता. दियानं आजीवर तीन ओळी लिहिल्या होत्या. अलकानं त्या पुसल्या आणि तिथं लॅबमधलं काम बसवलं. "घरच्या माणसाला भरवणं, ह्याला कोण विचारतंय बाळा?" असं म्हणाली होती ती. त्या ओळी डोळ्यांसमोर नको होत्या, हे म्हणाली नव्हती.

सासूबाईंना पक्षाघात झाल्यापासून पातळ काही गिळता येत नव्हतं. चहासुद्धा पावडर घालून दाट करावा लागे. दिया शाळेतून आली की त्या खळीसारख्या चहाचा पहिला चमचा स्वतः खायची आणि असं काही तोंड वाकडं करायची की आजीला हसू फुटायचं. आजीनं हसायला तोंड उघडलं की पुढचा चमचा आत. अशी वाटी संपायची. दुसऱ्या कुणाच्याही हातून चार घासांच्या वर गाडी जात नसे.

मग मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याला सुप्रभा भेटली. तिचा मुलगा नुकताच मेडिकलला लागला होता. "ए-लेव्हलच्या परीक्षेत ए ग्रेड काय गं, इथं ईलिंगमध्ये घरोघरी मिळतील," ती म्हणाली. "लॅब आहे का दियाकडे, लॅब? रिसर्च नसेल तर फॉर्म उघडूनसुद्धा बघत नाहीत हल्ली." त्या रात्री अलकाला झोप लागली नाही. सकाळी तिनं नवऱ्याच्या मित्राला, केंब्रिजच्या कमलाकरला फोन केला. म्हातारपणी भूक का मरते, यावर त्याचं काम चाललं होतं. त्याच्या लॅबमध्ये उन्हाळ्यातले सहा आठवडे ठरले.

"मी गेले तर आजी जेवणार नाही," दिया म्हणाली होती.

"मी आहे ना!"

अलकानं सगळं करून पाहिलं. पहिला चमचा स्वतः खाल्ला. तोंड वाकडं केलं. सासूबाई तिच्याकडे परक्या बाईकडे पाहावं तशा पाहत राहिल्या. ओठ मिटलेलेच. दर आठवड्याला नर्स यायची आणि वजन कार्डावर लिहून जायची. शेहेचाळीस किलो. त्रेचाळीस. चौथ्या आठवड्यात हातातल्या पाटल्या आपोआप गळून पडल्या, त्या दिवशी एकोणचाळीस. दियाला परत बोलवायचं का, असं अलकानं नवऱ्याला, रवीला विचारलं. रवी स्वतः डॉक्टर. "दोनच आठवडे राहिलेत," तो म्हणाला, "ओढून नेऊ." दर रविवारी दियाचा फोन यायचा. आजी जेवते का? "जेवतात गं छान. तू तिकडे लक्ष दे."

दिया परतली तेव्हा आजी हसायचं विसरली होती. पुढं तीन आठवडेही निघाले नाहीत.

कार्ड आणि पाटल्या याच टेबलाच्या खणात होत्या. अलकानं त्या कुणाला दाखवल्या नव्हत्या.

"बरं, ते राहू दे," ती म्हणाली. तिनं टायमरला पुन्हा पीळ दिला. "दुसरा प्रश्न. तो तर तुझा हातचा आहे. रिसर्चमध्ये तुम्ही काय केलंत? आणि ते पाठ केलेलं इंग्लिश नको. सोपं करून सांग, आजीला सांगतेस तसं."

शब्द तोंडातून निघून गेले होते. दियानं मान वर केली. आजीची चाकांची खुर्ची असायची त्या कोपऱ्याकडे बघत, आजीच्याच भाषेत, आपल्या मोडक्या मराठीत ती सांगू लागली.

"आजी, ट्वेंटी-फोर उंदीर होते. सगळे म्हातारे. मला हात लावायला अलाउड नव्हतं. टेक्निशियन वजन करायची, मी फक्त लिहायची. रोज सकाळी. एखाद्याचा वजन फिफ्टीन परसेंट कमी झाला की वेट नाही करायचं. लगेच व्हेटला, उंदरांच्या डॉक्टरला फोन. एक्सपेरिमेंट राहिला तरी चालेल. रूलच होता तो."

"छान," अलका इंटरव्ह्यूच्या पॅनेलच्या आवाजात म्हणाली. "असा नियम कशाला?"

"कारण त्याला सांगता येत नाही ना, की मी जेवत नाहीये. म्हणून कुणीतरी बघायला पाहिजे."

टायमर टिकटिकत होता. अलकाच्या मनात नको असताना हिशोब झाला. शेहेचाळिसातून सात गेले. पंधरा टक्के, वर थोडं.

दियाची नजर कोपऱ्यावरून आईवर आली. तिच्या आवाजात राग नव्हता.

"उंदरांचा वजन मी लिहीत होते. आजीचा कोण लिहीत होता, आई?"