फोटोपुरत्या चपला

१९७३चा मार्च. निरोपसमारंभाच्या दिवशी दहावीने अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, मुलामुलींच्या चपला लपवायच्या आणि गाणं म्हटल्याशिवाय द्यायच्या नाहीत, ही शाळेची जुनी रीत. सगळ्यांनी गाऊन आपापल्या चपला सोडवल्या, चांगुणा तेवढी राहिली. “कान्या, दे रं. आईच्या हायत. फोटोपुरत्या आनल्यात. ती तिकडं अनवाणी खडी फोडतीया.” कानिफनाथ दहावीचा म्होरक्या. “दरसाल कुनाच्या तरी आईच्याच असत्यात,” तो हसला. “गानं म्हन, ताई.” चांगुणाचा गळा किती बेसूर, हे साऱ्या शाळेला ठाऊक होतं. वर्षभर तिने दहावीला खो-खोत, हस्ताक्षरात, वक्तृत्वात हरवलं होतं. हा एक डाव दहावीला जिंकायचा होता. ती अनवाणीच निघून गेली. दहावीने टाळ्या पिटल्या. तासाभराने कानिफनाथला राहवेना. चपला घेऊन तो दुष्काळी कामावर, काष्टी रस्त्याला पोचला. खडीच्या ढिगाशेजारी चांगुणाची आई बसली होती. कपचीने टाच उभी चिरली होती आणि वर बांधलेली चिंधी रक्ताने भिजली होती. तिच्या जागी हातोडा घेऊन चांगुणा खडी फोडत होती. मॅट्रिकची परीक्षा आठवड्यावर आली होती. त्याने चपला दोघींच्या मधे ठेवल्या. “चुकलं, ताई.” आईने त्या लेकीकडे सरकवल्या. “तूच घाल. माझा पाय बरा हुईस्तवर तुलाच यायचंय कामावर.” चांगुणाने चपला घातल्या, पुढचा दगड पायाशी ओढला. “कान्या,” ती मान वर न करता म्हणाली, “गानं म्हनू का आता?”