खांदमळणी

ताडपत्री दूर करताच रागिणीचे हात जागच्या जागी थबकले. लोखंडी घोड्यांवर उचलून ठेवलेल्या तिच्या शर्यतीच्या गाडीचे चारही टायर हळदीने पिवळे झाले होते, आणि सकाळच्या उन्हात लोण्याने चकाकत होते.

शेजारी तिचे वडील जानराव उभे होते. हातात पळसाचे पान, मुखावर शुभकार्य निर्विघ्न पार पडल्याचे समाधान.

"खांदमळनी केली," ते म्हणाले. "पोयाच्या आदल्या दिशी बैलाची करतो ना, तशी. जुपाच्या आधी खांदा नरम पायजे. तुह्या गाडीचा खांदा म्हंजे हे चाकंच. काल दिवेलागणीले फिरवू फिरवू सारीकडून चोयलं. आवतनबी देल्लं. तुह्या मायनं तिवस्याहून लोनी धाडलं होतं."

"काकाजी, हे काय करून ठेवलं तुमी—" गाडीचे काम पाहणारा सागर ओरडला.

रागिणीने त्याचे मनगट घट्ट धरले.

हे मऊ रबराचे टायर तिने मोठ्या विचाराने निवडले होते. तापले की ते रस्त्याला घट्ट चिकटून राहत, वळणावर गाडीला सुटू देत नसत. परंतु तेलातुपाचा स्पर्श त्यांना विषासमान होता. अकोल्याच्या उन्हात हवा फुगणार हे जाणून तिने काल प्रत्येक चाकात ती बेताने कमी भरली होती. त्यानंतर आयोजकांनी टायरवर रंगाची खूण केली होती. खूण केलेले टायर बदलता येत नसत.

आजच्या फेऱ्यांतून दक्षिणेकडील एका संघासाठी एकच चालक निवडला जाणार होता. जानरावांनी घरी निक्षून सांगितले होते, "एक डाव धाव. जमलं तं तुहा रस्ता तुले मोकया. नाई जमलं, तं हे खूळ घरात पुन्हा नाई पायजे." दोन वर्षांत त्यांनी या गाडीला बोटही लावले नव्हते. आज ते गाडीपुढे हात जोडून उभे होते.

"काहून चूप झाली?" त्यांनी विचारले. "चुकलं काय माह्यं?"

"नाही बाबा. छान केलं."

जानराव लोकांत जाऊन बसेपर्यंत ती हसतमुख राहिली. मग तिने आणि सागरने साबणाचे पाणी घेऊन चाके घासली. पिवळा रंग गेला. रबरावरून बोट मात्र सरकतच राहिले.

"सांगून दे ना त्याईले," सागर कळवळून म्हणाला. "जनमभर तुलेच बोल लावतीन."

"त्यांनी दोन वर्षांनी हात लावला रे."

"अन् तो हात असा लागला!"

तितक्यात ध्वनिक्षेपकावर तिचे नाव पुकारले गेले.

पहिली फेरी टायर तापविण्यापुरती होती. ती तिने जपून काढली. दुसरी फेरी घड्याळावर मोजली जाणार होती, तेथे जपून भागणार नव्हते. दुसऱ्याच वळणावर मागची चाके सुटली. गाडी स्वतःभोवती गरकन फिरली आणि मार्ग सोडून काळ्या मातीत रुतली. पंचाने लाल निशाण दाखविले. फेरी बाद झाली.

जानराव धापा टाकीत धावत आले. तिचे हातपाय चाचपून त्यांनी निःश्वास सोडला. खरे काय ते सांगायला सागर पुढे सरसावला. रागिणीने नकारार्थी मान हलविली. तो तेथेच थांबला.

"लागलं तं नाई ना, माय?" कित्येक दिवसांनी त्यांनी तिला माय म्हटले. "मी काही वाईट सांगत नव्हतो तुले. हे पोरीच्या जातीचं काम नोहे. माह्यं तं मन लय होतं, देवाले ठाऊक. पन जे नाई ते नाई."

"हो, बाबा."

"रडू नोको. कोनी काई म्हननार नाई तुले घरी. मी हावो ना."

त्यांच्या स्वरात इतकी माया होती की तिला त्यांच्याकडे पाहवेना. ते तिला हाताला धरून झाडाखाली उभ्या केलेल्या जीपपर्यंत घेऊन गेले. तिने सवयीने उजवीकडचे दार उघडले.

"सरक," जानराव हळुवारपणे म्हणाले आणि त्यांनी तळहात पुढे केला. "किल्ली दे. आता मी चालवतो."